वॉव क्लासिकमध्ये मेज शिकायचाय, दोन मॉब आले की मरतोय, नेमकं काय बदलू?

शाहूपुरीकर (सातारा):

नमस्कार मंडळी, सातारा-सांगलीकडचं कोणी वॉव क्लासिक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, कॉम्प्युटरवरचा ऑनलाइन गेम) खेळतंय का इथं? मी ह्यूमन मेज (जादूगार) घेतलाय, लेव्हल १४, सध्या वेस्टफॉल ह्या भागात आहे. आधी सगळं मोबाईलवरच खेळायचो, तिथं जादूवाला हिरो घेतला तरी अंगठा दाबून धरला की काम होतं, इथं तसं अजिबात नाहीये. एकटा मॉब (गेमनं चालवलेला शत्रू) असला तर काही प्रॉब्लेम नाही, लांबून फ्रॉस्टबोल्ट (बर्फाचं स्पेल) मारत राहतो आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं जवळजवळ संपलेलं असतं. पण दोन आले की गणित बिघडतं, आणि तीन आले की सरळ ग्रेव्हयार्ड. कास्ट (स्पेल सुटायची तयारी) चालू असताना मार बसला की तिची पट्टी मागं मागं जाते, तेवढ्यात दुसरा मारतो, ती अजून मागं जाते, आणि फ्रॉस्टबोल्ट काही सुटत नाही. माना (स्पेल टाकायची ताकद) तर अर्ध्यातच संपतो, प्रत्येक फाईटनंतर बसून पाणी प्यायचं म्हणजे लेव्हल कधी वाढणार.

येत्या शनिवारी रात्री आमचं डेडमाइन्स ह्या डंजनला (पाच जणांनी मिळून लढायची जागा) जायचं ठरलंय. माझा कॉलेजचा मित्र वॉरियर आहे, तो टँक करणार (पुढं राहून मार झेलणार), त्याची मावसबहीण मिरजेला असते, तिचा प्रीस्ट (हेल्थ भरून देणारा हीलर) आहे, बाकी दोघं तिथंच शोधू. ह्या दोघांपुढं मला नीट खेळायचंय, म्हणून आत्ताच विचारतोय. फ्रॉस्ट ठेवू का फायर घेऊ, माना कसा पुरवायचा, लॅपटॉपच्या कीबोर्डवर एवढी बटणं कशी बसवायची आणि डंजनमध्ये मेजनं नेमकं करायचं काय? इंग्लिश गाइडमध्ये पटापट नुसती स्पेलची नावं घेत सुटतात, का करायचं ते सांगत नाहीत. आपल्या भाषेत कोणीतरी शांतपणे समजावून सांगा, फक्त वॉरियर घे किंवा हंटर घे असं सांगू नका, मला मेजच खेळायचाय.


हळदपेठ (सांगली):

मेजच खेळ भावा, कोणी काही म्हणू दे. मी क्लासिक आलं तेव्हापासून मेजच खेळतोय, म्हणजे ऑगस्ट २०१९, आमच्या सांगलीत पूर नुकताच ओसरला होता तेव्हा. तुझी अडचण डॅमेजची नाहीये. तुझं डॅमेज चौदाच्या मानानं बरोबरच असणार. मेजच्या अंगावर नुसतं कापड असतं, त्यामुळं त्याचं खरं चिलखत म्हणजे अंतर, आणि दुसरी गोष्ट वेळ. प्रत्येक स्पेल दाबायच्या आधी एकच विचार करायचा, हे कास्ट पुरं होईपर्यंत समोरचा कुठं पोचलेला असेल? तो माझ्या अंगावर आलेला असणार असं वाटलं तर ते स्पेल आत्ता दाबायचंच नाही, दुसरं काहीतरी करायचं. बाकी सगळं ह्यातूनच येतं बघ.

आता दोन मॉबची फाईट सांगतो, सावकाश वाच. समज वेस्टफॉलच्या शेतात दोन डेफियास (तिथले दरोडेखोर) उभे आहेत, माणसं आहेत म्हणजे पॉलीमॉर्फ (मेंढी करायचं स्पेल) चालतं. (शेतात ते मशीनचे हार्व्हेस्ट गोलेम फिरतात ना, त्यांच्यावर चालत नाही. पॉलीमॉर्फ फक्त माणसासारखे मॉब, जनावरं आणि क्रिटर ह्यांच्यावर चालतं.) फुल माना, फुल हेल्थ करूनच सुरुवात करायची. जेवढं लांबून पोचतंय तेवढं लांब उभं राहायचं, आणि पहिलं स्पेल फ्रॉस्टबोल्ट नाही, पॉलीमॉर्फ. एकाची मेंढी झाली. दुसरा तुझ्याकडं पळत सुटला. आता त्याच्यावर फ्रॉस्टबोल्ट, तो बसला की त्याचा वेग ४० टक्के कमी होतो, मग अजून एक बसतो. आता तो जवळ आला. इथं लोक लगेच फ्रॉस्ट नोव्हा (जवळच्यांना जागेवर चिकटवणारं स्पेल) दाबतात, तसं करायचं नाही. आधी बघायचं मेंढी कुठं आहे, कारण नोव्हा तुझ्याभोवती १० यार्डात सगळ्यांना लागते आणि थोडं का होईना डॅमेज करते, म्हणजे मेंढी जवळ असली तर ती मोडणार (परत माणूस होणार). म्हणून दोन पावलं बाजूला सरकायचं, त्याला मेंढीपासून लांब ओढायचं, आणि मगच नोव्हा.

नोव्हा लागली की तो जास्तीत जास्त ८ सेकंद जागेवर चिकटतो. आता पाठ फिरवून पळायचं. मागं मागं चालायचं नाही!! मागं चालताना आपला वेग सेकंदाला साडेचार यार्ड असतो आणि पुढं पळताना ७ यार्ड, हा फरक लय मोठा आहे. तीन सेकंद पळालास की २० यार्ड मिळाले. वळून परत फ्रॉस्टबोल्ट. पहिल्या फ्रॉस्टबोल्टनं तो सुटू शकतो, डॅमेजनं नोव्हा मोडते कधी कधी, पण सुटला तरी त्याच फ्रॉस्टबोल्टनं हळू झालेला असतो, म्हणजे दुसऱ्याला वेळ मिळतोच. आणि शेवटचा तुकडा राहिला की फायर ब्लास्ट. ते इन्स्टंट आहे, कास्ट नाही, ते शेवटासाठीच राखून ठेवायचं, कारण डेफियाससारखे मॉब मरायला आले की पळून जातात आणि चार भाऊबंद घेऊन येतात. पळायला लागला की लगेच फायर ब्लास्ट, विषय संपला.

तुझ्या लेव्हलला मेंढी २० सेकंदांची असते. म्हणजे दुसऱ्याशी लढाई चालू असतानाच मनात मोजत राहायचं आणि गरज पडली तर सुटायच्या आधीच परत पॉलीमॉर्फ मारायचं. मेंढी असताना त्याची हेल्थ भरभर भरते, त्यामुळं ज्याला आधी अर्धा मारलाय त्याची मेंढी करायची नाही, सगळं डॅमेज वाया जातं. सुरुवातीलाच, एकही फटका मारायच्या आधी मेंढी.

कबड्डीत रेडर आत जाताना परत यायची वाट आधी बघून ठेवतो ना, तसंच पुल करायच्या (मॉब अंगावर घ्यायच्या) आधी मागं बघायचं. मागं दुसरे मॉब फिरत असतील तर तू पळणार कुठं? आधी मागचा रस्ता साफ करायचा, मग पुढचा मॉब घ्यायचा. वेस्टफॉलमध्ये हे लय महत्त्वाचं आहे कारण तिथं दाट वस्ती आहे डेफियासची.

मानाचं सांगायचं राहिलं, जेवून आलो की लिहितो.


कराडचा_आगलाव्या:

हळदपेठ दादांनी फाईट एकदम बरोबर सांगितलीय, पण सगळेच फ्रॉस्ट फ्रॉस्ट करतात म्हणून मी फायरच्या बाजूनं बोलणार. फायरबॉलचं डॅमेज जास्त, रेंज ३५ यार्ड, म्हणजे फ्रॉस्टबोल्टपेक्षा ५ जास्त, आणि वर आगीचे चटके बसत राहतात. एकटा मॉब फायरनं लवकर पडतो. मी एकटा फिरताना ओपनिंग नेहमी फायरबॉलनं करतो, तो पळत यायला लागला की फ्रॉस्टबोल्टवर येतो. चौदाला टॅलेंट पॉइंट (फ्रॉस्ट किंवा फायर पक्कं करायचे) फक्त पाच असतात, बाकी स्पेल सगळी सगळ्यांकडं असतातच, त्यामुळं फ्रॉस्ट टॅलेंट घेतलं म्हणजे फायरबॉल विसरायचं असं नाही. एवढंच लक्षात ठेव की ते चटके मेंढीलाही मोडतात, म्हणजे ज्याची मेंढी करायचीय त्याला फायरबॉल मारायचा नाही.

कीबोर्डचं मी सांगतो कारण मी पण लॅपटॉपवरच खेळतो. ए आणि डी ह्या बटणांवर कॅरेक्टर वळतं ते आधी सेटिंगमध्ये जाऊन बदल, तिथं बाजूला सरकणं लाव, आणि वळायचं ते माउसचं उजवं बटण दाबून. टचपॅडवर मेज होत नाही, साधा तीनशे-चारशेचा माउस घे पण घे. मग क्यू, ई, आर, एफ, झेड, एक्स, सी, व्ही ही सगळी बटणं डाव्या हाताजवळ मोकळी करून घ्यायची. मी फ्रॉस्टबोल्ट ई वर, नोव्हा एफ वर, फायर ब्लास्ट आर वर, पॉलीमॉर्फ क्यू वर ठेवलंय. नोव्हा अशा जागी पाहिजे की घाबरल्यावर बोट आपोआप तिथं जाईल. माउसनं स्पेलच्या चित्रावर जाऊन क्लिक करायची सवय असली तर ती आजच मोड, कारण पळताना माउस वळायला लागतो, तो क्लिक करण्यात अडकला की तू वळणार कशानं?

अजून एक, कास्ट चालू असताना जागेवर वळलं तर कास्ट तुटत नाही, पाऊल हललं की तुटतं. आणि माना कास्ट पूर्ण झाल्यावरच कापला जातो, म्हणजे अर्ध्यात सोडून पळालास तरी माना जात नाही, फक्त वेळ जातो. हे कळलं की कास्ट सोडायची भीती जाते. नवीन पोरं एकदा फ्रॉस्टबोल्ट चालू केला की मार खात का होईना पुरा करायला बघतात. मॉब अंगावर आलाय? सोड, पळ, परत कर.


हळदपेठ (सांगली):

आगलाव्याचं माउसचं आणि कास्ट सोडायचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फायरवर मात्र माझं मत वेगळंच राहणार. फायरबॉलनं मॉब लवकर मरतो हे खरं, पण हळू होत नाही, आणि शिकणाऱ्याला चूक सावरायला वेळ लागतो, तो वेळ फ्रॉस्ट देतं. पाचही पॉइंट इम्प्रूव्ह्ड फ्रॉस्टबोल्टमध्ये टाक, कास्ट अर्ध्या सेकंदानं कमी होतं, चौदाच्या लेव्हलला हा अर्धा सेकंद फार जाणवतो. चुकीचं टॅलेंट घेतलं तर पहिल्यांदा बदलायला १ गोल्ड लागतं, पुढं ५, मग १०, असं वाढत ५० पर्यंत जातं, आणि तुझ्या लेव्हलला एक गोल्ड म्हणजे लय झालं. शिवाय पुढं लेव्हल साठला मोल्टन कोअर ह्या मोठ्या मोहिमेला गेलास की तिथं आगीचंच राज्य, फायर मेजचं तिथं काही चालत नाही, म्हणजे फ्रॉस्टचा हात बसलेला पुढं कामालाच येतो.

आता माना. गेममध्ये एक नियम आहे, त्याला सगळे पाच सेकंदाचा नियम म्हणतात. माना खर्च होणारं स्पेल टाकलं की पुढची ५ सेकंद स्पिरिटमधून (मेजच्या एका गुणातून) आपोआप येणारा माना बंद होतो. तू दर दोन सेकंदाला काहीतरी मारत राहिलास तर फाईटभर एक थेंब परत येत नाही. म्हणून वाँड (जादूची छडी). मॉब पाव हेल्थवर आला की स्पेल बंद, वाँड चालू. वाँडला माना लागत नाही, त्यामुळं ५ सेकंद झाली की माना भरायला लागतो आणि मॉबपण मरतो. ग्रेटर मॅजिक वाँड लेव्हल १३ ला लावता येते, एन्चँटिंगवाले करून देतात, ऑक्शन हाउसमध्ये बघ. तुझ्या हातात आत्ता जी काही वाँड असेल ती लहानपणीची असणार, ती बदलली की फरक लगेच कळेल. बरेच जण काठी किंवा तलवारीवर पैसे घालतात आणि वाँडकडं बघतच नाहीत.

आणि जुन्या रँकची (खालच्या पातळीची) स्पेल बारवरून काढू नकोस. फ्रॉस्टबोल्टची पहिली रँक फक्त दीड सेकंदात सुटते आणि माना अगदी थोडा खाते. डॅमेज नसतं म्हणण्यासारखं, पण हळू करायचं काम तीही करते. कोणी अंगावर पळत येतोय आणि मोठ्या कास्टला वेळ नाही, तिथं ही छोटी रँक मारायची. नोव्हाचंही तसंच, वरची रँक घेतली तरी पकडायचा वेळ तोच असतो, नुसतं डॅमेज वाढतं, मग पकडण्यासाठी पहिलीच वापरली तर माना वाचतो.

आणि बसून पाणी पिण्याचा कंटाळा करू नकोस. पाणी आपल्या हातचं आहे, फुकट आहे. वॉरियरला प्रत्येक फाईटनंतर विकतची भाकरी खावी लागते, आपण बसल्या जागी करून खातो. फाईटमध्ये वेळ वाचवायचा आणि फाईटनंतर बिनधास्त बसायचं. अर्ध्या मानावर पुढचा पुल केला की तिथंच माणूस मरतो, आणि ग्रेव्हयार्डपासून चालत यायला पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ जातो.


कृष्णाकाठ (वाई):

मी प्रीस्ट खेळते, हीलर म्हणून कितीतरी मेज सांभाळलेत, त्यामुळं डंजनचं मी सांगते. एकटं फिरताना जे शिकलास त्यातलं निम्मं डंजनमध्ये उलटं करायचं असतं.

पहिलं म्हणजे अॅग्रो (मॉब कोणाच्या मागं लागतो ते). एकटा असताना मॉब तुझ्याकडं येणारच हे गृहीत असतं, डंजनमध्ये तो टँककडंच राहिला पाहिजे. प्रत्येक मॉब मनात हिशोब ठेवतो कोणी किती त्रास दिला त्याचा. तू लांब उभा असशील तर टँकच्या ३० टक्के वर गेलास की मॉब तुझ्याकडं वळतो, जवळ उभा असशील तर नुसत्या १० टक्क्यांनीच वळतो. म्हणजे लांब राहिलास तर तुला जास्त मोकळीक आहे. पण लहान लेव्हलच्या वॉरियरकडं सुरुवातीला रेज (त्याचा माना म्हण) नसतो, त्याला मार बसल्यावर तो भरतो, त्यामुळं टँकनं पळत जाऊन पहिला फटका मारला की तू लगेच फ्रॉस्टबोल्ट सोडायचा नाहीस. तुझ्या मित्राला दोन सन्डर (मॉबला टँकवर धरून ठेवणारा फटका) मारू दे, मग सुरू कर. ह्या तीन-चार सेकंदांत तुझं काही जात नाही आणि माझ्यासारख्या हीलरचा जीव भांड्यात पडतो.

दुसरं, सगळ्यांनी एकाच मॉबला मारायचं. वॉरियरला सांग की कवटीची खूण लावत जा, कवटीवाला पहिला. चंद्राची खूण मेंढीची, ती तुझी जबाबदारी, आणि तिथं कोणी हात लावायचा नाही हे आधीच बोलून घ्या. मेंढीवर परत पॉलीमॉर्फ मारायला परत टार्गेट करावं लागतं, फोकस टार्गेटची (दुसरं टार्गेट धरून ठेवायची) सोय मूळ क्लासिकमध्ये नाही, म्हणून माउसओव्हर मॅक्रो करून ठेव, माउस मेंढीवर नेला आणि बटण दाबलं की झालं, कवटीवरचं टार्गेट सुटत नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुला आत्ताच लेव्हल १४ ला आर्केन एक्स्प्लोजन (आजूबाजूच्या सगळ्यांना लागणारं स्पेल) मिळालं असेल आणि ते वापरायला हात शिवशिवत असतील. चार मॉब टँकभोवती आहेत, मेज मध्ये घुसतो आणि आर्केन एक्स्प्लोजन मारत सुटतो, तीन मारेपर्यंत चारही मॉब त्याच्या अंगावर, वर मेंढीपण मोडलेली. तिथून पुढं मी टँकला हील करू का मेजला? डेडमाइन्समध्ये ह्या वेळी ते बारवरच ठेवू नकोस. शेवटी एखादा ढीग मरायला आलेला असेल आणि टँक म्हणाला तर गोष्ट वेगळी.

नोव्हा पण डंजनमध्ये जपून. चिकटलेला मॉब हलू शकत नाही पण हाताच्या अंतरात जो असेल त्याला मारतो. तू नोव्हा मारून पळून गेलास आणि तिथं मी उभी असले तर तो मला मारणार. आणि मॉब तुझ्या मागं लागला तर लांब पळायचं नाही, उलट टँककडं पळायचं. हे सगळ्यांना उलटं वाटतं, पण टँक तुझ्यामागं पळत बसला तर त्याचे बाकीचे मॉब सुटतात. तू त्याच्याजवळ आलास की तो टॉन्ट मारून मॉब आपल्यावर घेतो, एका सेकंदात मिटतं.

आणि पाणी. डंजन चालू व्हायच्या आधी हीलरला भरपूर पाणी द्यायचं, तिनं मागायच्या आधी. ज्या मेजनं ट्रेड उघडून न बोलता पाणी दिलं त्याला मी शेवटपर्यंत मरू देत नाही, हे अगदी मनापासून सांगते.


शाहूपुरीकर (सातारा):

दादा, ताई, आणि कराडकर, खूप खूप आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री माउस लावून सगळी बटणं बदलली, पॉइंट आधीच फ्रॉस्टमध्ये होते ते बरं झालं. शेतातले दोन डेफियास मेंढी करून घेतले, एकदम जमलं, नोव्हानंतर पाठ फिरवून पळालो तर खरंच केवढं अंतर मिळतं! वाँड पण घेतली ऑक्शनमधून, आता दोन-तीन फाईट झाल्यावरच पाणी प्यायला बसतो.

पण मूनब्रूकला गेलो तिथं परत अडकलो. तिथं ते डेफियास पिलेजर आहेत, ते पळत येतच नाहीत, लांब उभं राहून फायरबॉल मारतात आणि ते जबरदस्त लागतात. फ्रॉस्टबोल्टनं हळू करून उपयोग काय, त्याला यायचंच नाहीये. आणि डेडमाइन्सचा रस्ता तर मूनब्रूकमधूनच आहे. तिथं काय करायचं?


हळदपेठ (सांगली):

बरोबर जागी पोचलास, पिलेजरनं भल्याभल्यांना पाणी पाजलंय. आत्तापर्यंत तू अंतरानं लढत होतास, आता समोरचापण तुझ्यासारखाच मेज आहे, त्याला अंतराचा काही फरक पडत नाही. त्याला थांबवायला काउंटरस्पेल पाहिजे, ते २४ ला मिळतं, आत्ता नाही. मग आत्ता दोन गोष्टी आहेत.

एक पिलेजर आणि एक साधा तलवारवाला असेल तर मेंढी कोणाची करायची? पिलेजरची. ज्याला अंतरानं आवरता येतं त्याच्याशी लढायचं, ज्याला येत नाही त्याला मेंढी करून बाजूला ठेवायचं. तलवारवाला मेला की मेंढी मोडायच्या आधी तुझी हेल्थ आणि माना बघ. मेंढी जिवंत असेपर्यंत तू फाईटमध्येच असतोस, त्यामुळं बसून पाणी पिता येत नाही, म्हणून तलवारवाल्यावर कमी माना घालायचा, वाँड जास्त वापरायची, आणि पिलेजरसाठी निम्म्याच्या वर शिल्लक ठेवायचा. मग पिलेजरला एकट्याला घ्यायचं. एकटा असला की तू जिंकतोस, त्याची हेल्थ काही फार नसते.

दुसरी गोष्ट भिंत. मूनब्रूकमध्ये पडकी घरं आहेत, त्यांचा उपयोग कर. पिलेजरला एक मारून लगेच घराच्या कोपऱ्याआड जायचं. त्याला तू दिसला नाहीस की कास्ट होत नाही, मग झक मारत चालत यायला लागतं. कोपऱ्यावरून वळून आला की तो एकटा तुझ्याजवळ, त्याचे बाकीचे साथीदार तिकडं लांब. त्याच्या गल्लीत जाऊन लढायचं नाही, त्याला आपल्या गल्लीत आणायचं. डंजनमध्येही टँक असंच करतो, कोपऱ्याआड उभा राहतो आणि सगळे जादूवाले एका जागी गोळा होतात. तेव्हा तू बाहेर उघड्यावर उभा राहून कास्ट करत बसू नकोस, नाहीतर ते तिथंच थांबून तुला मारतात. टँक आड गेला की सगळ्यांनी आड जायचं.

दोन पिलेजर जोडीनं असतील तर चौदाला एकट्यानं नाद करू नकोस. वॉरियर मित्राला घेऊन जा.


कोरेगावकर (हार्डकोअर):

मी २०२३ ला ऑफिशियल हार्डकोअर सर्व्हर आले तेव्हापासून तिकडंच खेळतो, एकदा मेलं की कॅरेक्टर गेलं, त्यामुळं पिलेजरबद्दल दादा सांगतायत ते अक्षर न् अक्षर खरं आहे. मी फक्त आपल्या भागातली गोष्ट सांगतो. लाईट गेली किंवा नेट गेलं की आपलं कॅरेक्टर लगेच गायब होत नाही, थोडा वेळ तिथंच उभं राहतं आणि मार खातं. पावसाळ्यात खेळणार असशील तर राउटरला छोटा यूपीएस लाव, लॅपटॉपला बॅटरी असतेच पण राउटर बंद पडला तर तिचा काय उपयोग. आणि वीज कडाडायला लागली की डंजनला हातच घालायचा नाही, ग्रुपमधल्या बाकी चौघांचाही वेळ जातो.

पिंगचं (सर्व्हरपर्यंत लागणाऱ्या उशिराचं) पण. युरोपच्या सर्व्हरवर खेळत असशील तर दीडशेच्या पुढं पिंग धरूनच चालायचं. पण गेममध्ये सोय आहे, कास्ट संपायच्या थोडं आधी पुढचं बटण दाबलं तर ते रांगेत लागतं आणि पहिलं संपलं की लगेच सुरू होतं. डीफॉल्ट ४०० मिलिसेकंद असतात. त्यामुळं पट्टी पूर्ण भरायची वाट बघत बसू नकोस, थोडी बाकी असतानाच दाब.


कराडचा_आगलाव्या:

हे रांगेचं भारी सांगितलंत कोरेगावकर. ह्याच्याबरोबर अजून एक, नोव्हा वाया घालवू नको, तिचा कूलडाउन (परत वापरता येईपर्यंतचा वेळ) २५ सेकंदांचा आहे. म्हणजे एका फाईटमध्ये एकदाच धरून चाल. पहिल्या मॉबवर मारली आणि दुसरा आला तर हातात काही नाही. २० ला ब्लिंक मिळतं, एका झटक्यात २० यार्ड पुढं, तेव्हा खेळ एकदम मोकळा होतो. तोवर नोव्हा म्हणजे तिजोरीतलं सोनं, उगाच काढायचं नाही. फायरबॉलबद्दल दादांशी वाद नंतर घालतो, वीसनंतर पोराला दोन्ही करून बघू द्या.


शाहूपुरीकर (सातारा):

भिंतीचं आज करून बघितलं, मूनब्रूकच्या पहिल्याच घरामागं. पिलेजर खरंच चालत आला! एकट्यानं तीन घेतले असे एकामागून एक. आता शनिवारची धास्ती वाटत नाही. ताई, एकच शेवटचं, मेंढी मी आधी करायची का टँकनं आधी जायचं? मी आधी पॉलीमॉर्फ मारलं तर बाकीचे सगळे माझ्याच अंगावर येणार ना?


कृष्णाकाठ (वाई):

येणार, पण ते चालतं, जर टँक तुझ्या आणि मॉबच्या मध्ये उभा असेल तर. मी ज्यांच्याबरोबर खेळते ते असं करतात. वॉरियर पुढं, तू त्याच्या मागं पॉलीमॉर्फ पोचेल एवढ्या अंतरावर, मी अजून मागं. तू चंद्रावर पॉलीमॉर्फ चालू करायचं, आणि सुटलं की लगेच टँकच्या दिशेनं दोन पावलं पुढं यायचं, मागं नाही. बाकीचे तुझ्याकडं पळत येताना टँकच्या शेजारूनच जातात, तिथं तो त्यांना पकडतो. मग तू हात बांधून उभा, दोन सन्डर होईस्तोवर. हा क्रम आदल्या दिवशी तुझ्या मित्राशी फोनवर बोलून घे, आत गेल्यावर टाइप करत बसायला वेळ नसतो.

मेंढी मोडली तर घाबरू नकोस, परत मार. मॉबवर पॉलीमॉर्फ कितीही वेळा चालतं. फक्त ओरडून सांग की मोडली, म्हणजे मिरजेच्या ताईला कळेल हील कुठं लागणार आहे.

आणि पाणी शनिवारी ग्रुप जमल्यावरच कर, दुपारी करून ठेवू नकोस. लॉगआउट होऊन १५ मिनिटं झाली की जादूनं केलेलं पाणी बॅगेतून जातं. पाचही जण ऑनलाइन आले की तिथंच मूनब्रूकच्या घरात बसून बनव, आधी प्रीस्टची बॅग भर, मग तुझी. मी पण शनिवारी रात्री ऑनलाइन असेन, माझी अलायन्सवरची (तुझ्याच बाजूची) एक छोटी पॅलाडिन सतराला आहे. पाचवं कोणी मिळालं नाही तर इथंच लिही, मी येते.